ताफ्यातून निघालेली जुनी गाडी : खरेदीपूर्वी करावयाचा विचार

बैलबाजारात जनावर घेणारा शेतकरी घाई करीत नाही. तो बैलाचे दात मोजतो, खूर उचलून पाहतो, खांद्यावर हात फिरवून जुवाचा घट्टा तपासतो, चार पावले चालवून पाहतो आणि मालक राजी असल्यास औताला जुंपूनही बघतो. एवढे झाल्यावरही गावातील दोन जाणत्यांचा विचार घेतल्याशिवाय तो इसार देत नाही. परंतु हाच शेतकरी दोन-तीन लाखांची जुनी मालवाहू गाडी घ्यावयास निघाला म्हणजे पुष्कळदा नव्या रंगावर, मऊ बैठकीवर आणि विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर भुलतो. बैलाची जी परीक्षा वडिलोपार्जित अनुभवाने त्याला अवगत आहे, तशीच परीक्षा गाडीचीही असते. ती कशी करावी, आणि मुळात गाडी घ्यावी की न घ्यावी, याचा विचार या लेखात केला आहे.

दारव्हा तालुक्याची गरज

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुका हा काळ्या जमिनीचा, कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारा मुलूख होय. पूर्वी या भागातील कापूस बंडीने जवळच्या बाजारास अथवा स्थानकास येई व तेथून मुर्तिजापूर-यवतमाळ या अरुंदमापी रेल्वेने पुढे जाई. लोकांनी प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणून ओळखलेली ही गाडी दारव्ह्यावरूनच जात असे. आता ती बंद आहे. माल बाजार समितीच्या आवारात न्यावयाचा असो, दिग्रस, कारंजा किंवा यवतमाळला पोचवावयाचा असो, सारी वाहतूक रस्त्यानेच होते. त्यामुळे ऐन वेचणीच्या दिवसांत भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, मिळाली तर दर चढा असतो, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. अशा वेळी आपलीच एक लहान गाडी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे.

नव्या पिकअप गाडीची किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून दृष्टी वळते ती जुन्या गाडीकडे. आणि जुन्या गाड्यांतही विशेषेकरून दूध संकलन, शीतपेयांचे वाटप, पार्सल वाहतूक, प्रवासी सेवा किंवा ठेकेदारी करणाऱ्या संस्थांच्या ताफ्यांतून निघालेल्या गाड्यांकडे. अशा संस्था ठरावीक वर्षे वापरून एकदम दहा-वीस गाड्या विकावयास काढतात, त्यामुळे भाव उतरलेला असतो.

ताफ्यातील गाडीचे गुण व दोष

ताफ्यातील गाडीचा मोठा गुण असा की, चांगली संस्था तिची देखभाल वेळापत्रकाने करते. तेल केव्हा बदलले, ब्रेक केव्हा दुरुस्त झाले, टायर कधी टाकले याची नोंद ठेवलेली असते. घरगुती गाडीच्या मालकाजवळ अशी नोंद क्वचितच आढळते.

दोषही तितकेच ठळक आहेत. अशी गाडी वर्षात पुष्कळ अंतर चालते. ती अनेक चालकांच्या हातांतून गेलेली असते आणि जी वस्तू सर्वांची ती कोणाचीच नसते, या न्यायाने तिला निर्दयपणे वापरले जाते. माल उतरेपर्यंत यंत्र चालू ठेवून उभी राहण्याची सवय असल्याने अंतर दाखविणाऱ्या आकड्यापेक्षा यंत्राची झीज अधिक झालेली असते. शिवाय गाडी विकण्याचे एकदा ठरले की संस्था तिच्यावर खर्च करणे थांबविते. म्हणजे अखेरच्या काही महिन्यांत जी कामे व्हावयास हवी होती, ती नव्या मालकाच्या माथी येतात.

जुन्या यंत्रांचा मागील अनुभव

वापरून टाकलेली यंत्रे घेऊन शेतीचे काम करण्याचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने येथे मागे ठेवलेले ट्रॅक्टर दुरुस्त करून १९४७ च्या सुमारास केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेचे काम सुरू झाले. कांसाने ग्रासलेल्या जमिनी खोल नांगरून लागवडीखाली आणणे हा तिचा उद्देश होता, आणि त्या वेळच्या मध्य प्रदेशात तिने काम केले. यवतमाळ जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. पुढे नवे जड ट्रॅक्टर घेण्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज काढण्यात आले. जुनी यंत्रे कामाचा आरंभ करून देतात. परंतु मोठे काम दीर्घकाळ चालवावयाचे तर केवळ त्यांच्यावर विसंबता येत नाही, हा यातील बोध होय.

याच्या उलट बाजूचा दाखला दारव्ह्याच्या लोहमार्गावर मिळतो. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत शकुंतलेस ओढीत होते. सत्तर वर्षे ते टिकले, कारण त्याची रचना साधी होती आणि त्याची निगा राखणारे कारागीर त्याचा प्रत्येक खिळा ओळखीत होते. यंत्राचे वय किती, यापेक्षा त्याची निगा कोण राखणार व सुटे भाग कोठे मिळणार, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. ज्या गाडीचे भाग यवतमाळला मिळत नाहीत आणि जिची दुरुस्ती दारव्ह्याच्या मिस्त्रीला ठाऊक नाही, ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

सरकारी गाडीविषयी गैरसमज

पंचायत समितीची जीप किंवा एखाद्या खात्याची गाडी लिलावात घेऊन ती वर्षानुवर्षे चालविल्याची उदाहरणे जुन्या लोकांना आठवतात. आता तसे करता येत नाही. केंद्र व राज्य शासन, स्थानिक स्वराज्य संस्था, राज्य परिवहन उपक्रम व सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर संपुष्टात येते व तिचे नूतनीकरण होत नाही. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था यांसाठी असलेल्या विशेष गाड्या तेवढ्या अपवाद आहेत. हा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला असून अशा गाड्या नोंदणीकृत मोडणी केंद्राकडेच द्यावयाच्या असतात. म्हणून कोणी ‘सरकारी गाडी आहे, कागद मागाहून होतील’ असे सांगत असेल, तर तेथून परत फिरावे. जी गाडी रस्त्यावर नेता येत नाही, ती गाडी नसून भंगार होय.

आधी फेऱ्या मोजा, मग गाडी पहा

गाडी पाहण्यास जाण्यापूर्वी घरी बसून कागदावर हिशेब मांडावा. पुढील हिशेब केवळ नमुन्यादाखल आहे. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून तो पुन्हा करावा.

समजा, पाच शेतकऱ्यांच्या गटाने सहा वर्षांची पिकअप ३,००,००० रुपयांस घेतली. आरंभीच्या दुरुस्तीस ५०,००० आणि नाव चढविण्यास व गाडी आणण्यास १०,००० रुपये लागले. एकूण गुंतवणूक ३,६०,००० रुपये झाली. चार वर्षांनी ती १,२०,००० रुपयांस विकली जाईल असे धरले, तर २,४०,००० रुपयांची घट, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये होतात. गुंतविलेल्या रकमेवर शेकडा दहा दराने व्याज ३६,००० रुपये. विमा, कर व योग्यता प्रमाणपत्र यांचे ३४,००० रुपये. टायर व दुरुस्तीचे ५०,००० रुपये. गाडी दारात उभी राहिली तरी वर्षाचा खर्च १,८०,००० रुपये आला.

आता फेरीचा विचार करू. भाड्याच्या गाडीस एका फेरीचे २,१०० रुपये द्यावे लागतात व स्वतःच्या गाडीस डिझेल आणि चालक मिळून ९०० रुपये लागतात असे धरल्यास एका फेरीत १,२०० रुपये वाचतात. १,८०,००० रुपयांचा स्थिर खर्च भरून निघण्यास वर्षाकाठी १५० फेऱ्या व्हावयास हव्यात.

गटाजवळ एवढ्या फेऱ्यांचे काम आहे काय? पाच जणांचा मिळून १७५ क्विंटल कापूस असेल आणि मोकळा कापूस फुगीर असल्याने एका खेपेत दहा क्विंटल जात असेल, तर १८ फेऱ्या होतील. सोयाबीन व तुरीच्या आठ, खते व बियाण्यांच्या सहा. सारी बेरीज ३२ फेऱ्यांची. १५० आणि ३२ यांत केवढे अंतर आहे हे सांगावयास नको. ज्या गटाकडे रोजचे दूध आहे, बाराही महिने भाजीपाला बाजारास जातो, किंवा शेजारच्या शेतकऱ्यांचा माल नेण्याचे निश्चित काम आहे, त्यालाच गाडी परवडेल. इतरांनी हंगामापूर्वी एखाद्या गाडीवाल्याशी मिळून दर ठरवून घ्यावा. त्यात कमीपणा कसला?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या पांदणीतून पिकअप शेतापर्यंत जात नाही. तेथे बंडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉलीच उपयोगी पडते. गाडी गावापासून बाजारापर्यंतचे काम करील, शेतापासून गावापर्यंतचे नव्हे.

कागदपत्रांची परीक्षा

हिशेब जमत असेल तरच पुढचे पाऊल टाकावे आणि ते कागदपत्रांचे असावे. यंत्रातील दोष पैशाने दुरुस्त होतो, कागदातील दोष पुष्कळदा होत नाही.

१. नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पहावेत. कोरलेल्या जागी घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर व्यवहार सोडावा.

२. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा ‘एम-परिवहन’ या मोबाइल सुविधेवर क्रमांक घालून मालकाचे नाव, विमा, योग्यता प्रमाणपत्र व कर यांच्या मुदती पहाव्यात. थकलेल्या दंडाची ई-चलाने किती आहेत तेही पहावे. ताफ्याच्या गाड्यांवर अशी चलाने साचलेली असतात.

३. गाडी कर्जावर घेतलेली असल्यास कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला व नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

४. नाव चढविण्यासाठी नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात. संस्थेच्या वतीने सही करणाऱ्यास तसा अधिकार असल्याचे पत्र मागावे. गाडी राज्यातीलच असल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळविणे कायद्याने आवश्यक आहे. यवतमाळचे कार्यालय, ज्याचा नोंदणी क्रमांक एम.एच. २९ ने सुरू होतो, ते हे काम पाहते.

५. आदिलाबादकडून किंवा हैदराबादहून आणलेल्या गाड्या या भागात दिसतात. परराज्यातील गाडीस तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथे ठेवावयाची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो व येथील करही भरावा लागतो. हा खर्च किमतीत मिळवूनच स्वस्ताई ठरवावी. तसेच दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदीचा आदेश दिला व २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तेव्हापासून तिकडील गाड्या कमी भावात इतर राज्यांत विकल्या गेल्या. ‘फार स्वस्त’ गाडीचे मूळ गाव विचारून घ्यावे.

६. मालवाहू गाडीस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी योग्यता तपासणी करून घ्यावी लागते. आठव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील गाडी घेताना हे विसरू नये.

नाव न चढविता नुसत्या स्टँप कागदावर गाडी वापरण्याची वाईट चाल आहे. अपघात झाल्यास नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून नाव बदलणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. तसे न केल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई हातची जाते.

येथे एक गंभीर सूचना देणे अगत्याचे आहे. वेचणीच्या दिवसांत मजूर बायाबापड्यांना मालवाहू गाडीत बसवून शेतावर नेले जाते. मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी सोडल्यास मालवाहू गाडीतील इतर उतारूंना तिच्या विम्याचे संरक्षण मिळत नाही. गाडी उलटली तर जिवाची हानी होतेच, आणि भरपाईचे ओझेही मालकाच्या शेतीवर येऊन पडते. गाडी घेणाऱ्याने ही सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घेऊ नये.

यंत्राची परीक्षा

गाडी सकाळी, यंत्र थंड असताना पहावयास जावे व आधी चालू करून ठेवू नये असे विकणाऱ्यास बजावावे. पहिल्या प्रयत्नात ती चालू होते काय ते पहावे. धूर काळा असेल तर हवेची गाळणी तुंबलेली असेल किंवा इंधन नीट जळत नसेल. हा दोष बहुधा थोड्या खर्चात जातो. निळसर धूर म्हणजे यंत्र तेल खात आहे. यंत्र तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल व थंडाव्याचे पाणी कमी होत असेल तर पाणी आत शिरत आहे. चालू यंत्रावरील तेलाचे झाकण काढताच धुराचे फुत्कार येत असतील, किंवा तेल दुधाळ दिसत असेल, तर मोठा खर्च ठरलेला आहे.

अंतर दाखविणारा आकडा फिरविता येतो, पण पायाखालची झीज लपविता येत नाही. आकडा चाळीस हजारांचा आणि क्लच-ब्रेकच्या पायट्यांचे रबर गुळगुळीत, सुकाणूचे चाक चकचकीत झालेले, अशी विसंगती आढळली तर आकडा खोटा समजावा. टायरवरील शेवटचे चार अंक त्याच्या जन्माचा आठवडा व वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. टायर एका बाजूने झिजला असेल तर चासी वाकल्याचा संशय घ्यावा.

मालवाहू गाडीत चासी व पाटे यांची तपासणी सर्वांत महत्त्वाची. खाली वाकून चासीवर वेल्डिंगचे सांधे, तडे किंवा ताजा रंग दिसतो काय ते पहावे. जादा भार वाहिलेल्या गाडीचे पाटे सपाट झालेले असतात. बर्फ, दूध किंवा मासळी वाहणाऱ्या गाडीच्या हौद्याखाली गंज हटकून सापडतो.

१ एप्रिल २०२० नंतर नोंदविलेल्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी व अनेक संवेदक असतात. शहरात थांबत-थांबत चाललेल्या ताफ्याच्या गाडीत ही गाळणी तुंबण्याचा संभव असतो व ती बदलणे महाग असते. अशा गाडीचे दोष संगणकी यंत्र लावूनच कळतात; ते ज्याच्याजवळ आहे अशा कारागिरास तपासणीची मजुरी देऊन दाखवावे. ही मजुरी वाया जात नाही.

शेवटी गाडीत खरोखरीचा भार घालून चढावावर चालवून पहावी. रिकामी गाडी कोणतीही धावते.

लिलावातील सावधगिरी

संस्थांच्या गाड्या पुष्कळदा लिलावात ‘जशी आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकल्या जातात. मागाहून दोष आढळल्यास तक्रारीस जागा नसते. म्हणून पाहणीच्या दिवशी मिस्त्रीस बरोबर न्यावे. बोलीच्या रकमेखेरीज कर, लिलाव शुल्क व गाडी ओढून आणण्याचा खर्च किती, ते आधी लिहून घ्यावे. घरून निघताना वरची मर्यादा ठरवावी आणि बोलीच्या भरात ती ओलांडू नये. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होता कामा नये.

निर्णय

कापूस विकून हाती आलेली रक्कम ही एकट्या हंगामाची कमाई नसते. तीत पुढच्या पेरणीचे बी, खत, मुलांची फी आणि सोसायटीचा हप्ता दडलेला असतो. २००६ साली कर्जबाजारीपणाच्या संकटामुळे केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ जिल्हा होता. येथल्या शेतकऱ्यास न झेपणाऱ्या हप्त्याचे दुःख पुस्तकातून शिकावे लागत नाही.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा खरेदीचा विषय निघाला असता गटास तीन प्रश्न विचारावेत. वर्षाला फेऱ्या किती? कागद निर्दोष आहेत काय? दुरुस्ती जवळपास होईल काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील व गाडी उधारीवर न घेता किंवा अल्प कर्जात घेता येत असेल, तर नोंदी ठेवणाऱ्या चांगल्या संस्थेच्या ताफ्यातील पाच-सहा वर्षांची गाडी हा शहाणपणाचा सौदा ठरू शकतो. तिन्हींपैकी एकाही उत्तरात शंका असेल तर थांबावे. बैलबाजारातून मोकळ्या हाताने परतणाऱ्या शेतकऱ्यास कोणी हसत नाही. पुढचा बाजार आठ दिवसांनी पुन्हा भरतोच.